हुसेनखानाचं पुढे काय झालं?

मंठा,
१६ मार्च १९७६

प्रिय धर्मराज,

हुसेनखानाचं पुढे काय झालं? मला सांगता आलं नाही. तू सध्या तुरीच्या पिकाच्या ट्रेनिंगसाठी हैदराबादेत आहेस, सिकंदराबाद तिथून जवळच. कुणाला तरी विचारून बघशील का? झालं असं, की नववीच्या वर्गात मी नोबेल मिळालेल्या डॉक्टरांचा तक्ता लावलाय. चित्रं मुलींनीच काढली. रॉसच्या मिशा इतक्या जाड झाल्या, की आमच्या मुख्याध्यापिका दुर्गाबाई म्हणाल्या, "हा डॉक्टर आहे का फौजदार?" मी मुलींना सांगत होते, हिवतापाचं मूळ डासात आहे याचा पुरावा आपल्याच जुन्या निजामाच्या मुलखात, सिकंदराबादला सापडला. हुसेनखान नावाच्या तापाच्या रोग्याला डास चावू दिले, मग ते डास चिरून पाहिले. रॉसला १९०२ साली बक्षीस मिळालं. तेवढ्यात मागच्या बाकावरची रझिया उठली. "बाई, मंग त्या हुसेनखानचं काय झालं? बरा झाला का मेला?" वर्ग हसला. मी म्हटलं, पुढच्या तासाला सांगते. तो तास येऊन गेला, आणि रझिया रोज माझ्याकडे बघते.

तेव्हापासून माझं चित्त थाऱ्यावर नाही. वह्या तपासायला घेते आणि उठून दारात जाते. दारातून काही दिसत नाही, तरी उभी राहते. त्यात तुझ्या आईचा निरोप आला, बुद्धपौर्णिमेची तारीख धरू या. आमच्या घरी आनंद झाला, अण्णा तर मंडपवाल्याला विचारून आले. मी हो म्हटलं नाही आणि नाहीही म्हटलं नाही. नोकरीमुळे अडलेय असं तुला वाटेल. तसं नाही. हे लग्न मला हवंय. हवंय म्हणूनच हे पत्र मी लिहून लिहून फाडलं.

नागसेनवनातली कॉलेजची लायब्ररी आठवते? खिडकीजवळच्या टेबलावर आपण त्या शोधांची पुस्तकं वाचायचो. स्ट्रेप्टोमायसिन मातीतल्या जंतूपासून मिळालं, हे वाचून तू ओरडलास, "बेबी, बदनापूरच्या काळ्या मातीत काय काय असंल!" शिपायानं आपल्याला बाहेर काढलं. बाहेर लिंबाखाली आपण भांडलो, की बक्षीस घ्यायला स्टेजवर तू जाणार का मी. त्या औषधाचं नोबेल १९५२ साली दिलं, म्हणजे मी जन्मले त्या वर्षी. मला तो शुभशकुन वाटला होता. एरवी शकुन न मानणारी मी, म्हणून तू मला चिडवलंस, तेही बरोबरच होतं.

त्याच औषधानं माझी आई वाचली. मी आठ वर्षांची असताना तिला टीबी झाला. महिनोन्महिने सुया घेऊन ती बरी झाली, पण त्याच सुयांपायी कानांनी गेली. तुला वाटायचं, ती तुझ्याशी बोलत नाही म्हणजे तू तिला पसंत नाहीस. तिला तुझं ऐकूच येत नव्हतं रे. पसंत तर तू तिला माझ्याआधीच होतास.

एक गोष्ट तुला कधी सांगितली नाही. गावातल्या हॉटेलात आपल्या लोकांचे कप बाहेर वळचणीला खोचलेले असायचे. छप्पन साली दीक्षा घेऊन आल्यावर आईनं ठरवलं, आपल्या घरात कुणाचा कप वेगळा ठेवायचा नाही. कधीच नाही. मग तिला टीबी झाला, आणि डॉक्टरांनी सांगितलं, लेकरांना जवळ निजवू नका, भांडी वेगळी ठेवा. आई म्हणाली, "ज्याच्यासाठी धर्म सोडला तेच घरात आणू का?" तिनं आपला कप आमच्यातच ठेवला आणि आम्हाला कुशीतच निजवलं. अण्णांनाही ते पटलं. आमच्या घराचा तो अभिमान होता, धर्मराज. आम्ही पोरंही तो मिरवत होतो.

आता त्या तक्त्याकडे बघवत नाही. पेनिसिलिनची चाचणी ज्याच्यावर केली त्या इंग्लंडातल्या पोलिसाचं वाचलं होतंस ना? चार दिवसांत तो सुधारला, आणि मग औषधच संपलं. त्याच्या लघवीतून काढून पुन्हा त्यालाच दिलं, तरी पुरलं नाही. तो मेला. बक्षीस द्यायचं तेव्हा तो कुठे असणार? कॉलेजात मी हे परीक्षेसाठी पाठ केलं होतं. आता शिकवताना त्या पोलिसापाशी आले की माझा आवाज बसतो. मुलींना वाटतं, बाईंना भरून येतं. भरून येत नाही. खोकला येतो.

हो, खोकला. दिवाळीपासून आहे. संध्याकाळी अंग गरम लागतं, साडीच्या निऱ्या दोन जास्त पडतात. गेल्या आठवड्यात जालन्याला जाऊन छातीचा फोटो काढला, थुंकी दिली. उजव्या बाजूला वर डाग आहे. डॉक्टर म्हणाले, लहानपणीचं आत दबून राहिलेलं असू शकतं, कशातून आलं ते सांगता येत नाही, आणि कपापेक्षा खोकल्यानं जास्त पसरतं. दीड वर्ष औषध, सुरुवातीला रोज सुई, आईचीच ती. आईला मी हे पाटीवर लिहून दाखवलं. तिनं पदरानं पाटी पुसून टाकली. आता तीच माझा पेला वेगळा ठेवते, आणि ठेवताना तिचा हात मध्येच थांबतो.

तुळजामावशीनं मला बाजूला घेतलं. "लगीन होऊन जाऊ दे, मंग घे की सुया. दोन महिन्यांनी काय होऊन राह्यलं? आत्ता रोज दवाखान्यात गेलीस तर समद्या मंठ्याला कळंल." ती वाईट नाही. तिनं अशा मुली पाहिल्यात, ज्यांचं कळलं आणि मोडलं. मी दोन दिवस तिचं ऐकलंसुद्धा. पण दोन महिने गप्प राहून तुझ्या घरात यायचं, तुझ्या उशाशी खोकायचं, म्हणजे तुला न विचारता तुझा हुसेनखान करायचा. त्याला निदान माहीत तरी होतं की डास चावणार आहेत.

म्हणून तुला हे पत्र. रविवारी मी जालन्याहून गाडीनं बदनापूरला गेले आणि तुझ्या आईला, आत्यांना, सगळं सांगितलं. आत्यांनी चहा ठेवला होता. "धर्माला सांगितलंस?" "न्हाई, आधी तुम्हाला." "मंग तारीख?" मी म्हटलं, तारीख मोकळी करा, बरी झाले आणि तो हो म्हणाला तर पुन्हा धरू. त्या उठल्या. माझा कप उचलून मोरीकडे गेल्या. कुठे ठेवला, ते मी मुद्दाम पाहिलं नाही. कानांचं काय होईल, माहीत नाही. तू जे काही म्हणशील ते मला ऐकू येतंय तोवर म्हण, एवढंच मागते. काल सकाळी, शाळा भरायच्या आधी, दवाखान्याच्या ओट्यावर सगळ्यांदेखत रांगेत उभी राहून मी पहिली सुई घेतली. रझिया पाण्याची घागर घेऊन रस्त्यातच थांबली होती. तिला मी हात केला.

तू काहीही ठरवलंस तरी तुझीच,
बेबीनंदा