अकरा मीटरची वाट

खाडी वाहतूक कार्यालय
दि. ४, मंगळवार

ती. बाबा आणि ती. काका यांस,
शि. सा. न. वि. वि.

घडले ते असे.

१. सोमवारी सकाळी १०.४० वाजता बाबांची विटांची बोट आणि काकांची बर्फाची बोट खाडीच्या चिंचोळ्या भागात समोरासमोर आल्या. तिथे वाट अकरा मीटर रुंद आहे. बोटी प्रत्येकी सहा मीटर.

२. ओहोटी सुरू होती. काका प्रवाहाबरोबर येत होते. नियम सात: प्रवाहाबरोबर येणाऱ्याने आधी जायचे, समोरच्याने मागे सरून वाट द्यायची.

३. बाबा मागे सरू लागले. काकांनी हात जोडून सांगितले की थोरल्या भावाच्या आधी आपण कधी उंबरठाही ओलांडलेला नाही, दादाने आधी जावे.

४. बाबांनी नियम दाखवला. काकांनी नांगर टाकला. मग बाबांनीही टाकला.

५. मागे चौदा बोटी अडकल्या आहेत. त्यांतल्या दोघांनी आता एकमेकांना आधी जाण्याचा आग्रह सुरू केला आहे.

मी तुमची मुलगी आणि पुतणी आहे, तशी या खाडीची निरीक्षकही आहे. शुक्रवारी दुपारी बारापर्यंत वाट मोकळी झाली नाही, तर दोघांचे परवाने रद्द होतील आणि त्या कागदावर सही माझी लागेल. दुसऱ्या कोणाची चालेल का, असे साहेबांना विचारून पाहिले. घरचा मामला घरात मिटवा म्हणाले आणि खिडकी लावून घेतली.

अकरा वर्षे तुम्ही एकमेकांशी बोलला नाहीत. कारण आजोबांचा पितळी भोंगा. तोही दोघांना हवा होता म्हणून नव्हे. दुसऱ्यानेच घ्यावा म्हणून दोघे हटून बसलात. भोंगा अजून माझ्या कपाटात आहे. वाटेचे तसे करू नका.

बाबांची औषधे आईने दिली आहेत, ती नावाड्याबरोबर पाठवते.

तुमची,
खाडी निरीक्षक

•

बर्फाच्या बोटीवरून
दि. ५, बुधवार

चि. मोजपट्टीस अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझे पाच मुद्दे वाचले. लहानपणी तू बाहुल्यासुद्धा अंतर मोजून बसवायचीस, त्यामुळे नवल वाटले नाही.

तुझा बाप हट्टी आहे, हे आधी मान्य कर. भरती आली की प्रवाह उलटतो आणि वाट त्याची होते. तेव्हा नियम म्हणतो दादा आधी, मीही म्हणतो दादा आधी. मग अडले कुठे? तर म्हणे, भेटलो त्या घटकेला हक्क धाकट्याचा होता, तो पाण्याबरोबर फिरत नाही. वर नांगर चिखलात रुतल्याचे सांगतो. अशा माणसाशी काय बोलायचे? सोमवारपासून तेच बोलतो आहे. मध्येच त्याला आमचे गणिताचे मास्तर आठवले, डोक्यावरचा चष्मा वर्गभर शोधणारे. हसता हसता ठसका लागला त्याला. औषधे वेळेवर देतो आहे.

बर्फ निम्मा वितळला. पाणी उपसून टाकले, तशी बोट हलकी होऊन वर आली. आता दादाकडे बघायला मान वर करावी लागत नाही.

काळजी नसावी. सहीची घाई तर मुळीच नसावी.

तुझा काका

ता. क. वरचे सगळे खोटे आहे. हट्टी तो आहे. एक उशी पाठव. — बाबा

•

खाडी वाहतूक कार्यालय
दि. ६, गुरुवार

ती. बाबा आणि ती. काका यांस,
शि. सा. न. वि. वि.

उशी पाठवली आहे. दोन पाठवल्या आहेत, म्हणजे कोणी घ्यायची हा प्रश्न येणार नाही.

बाबा, नांगर रुतलेला नाही. मंगळवारी दुपारी चार वाजता तुम्ही तो उचललात, बोट दोन मीटर काकांच्या जवळ नेलीत आणि पुन्हा टाकलात. काका, त्यानंतर दोन बोटींमध्ये फळी तुम्ही टाकलीत. यातले काही मी अहवालात लिहिलेले नाही.

उद्या ११.१० ते ११.२५ पाणी स्थिर राहील. भरती नाही, ओहोटी नाही, म्हणजे नियम सात लागू नाही आणि हक्क कोणाचाच नाही. मागच्या चौदा बोटी मी दहापर्यंत बाहेर काढते. ११.१० ला दोघांनी तीन-तीन आखूड भोंगे द्यायचे आणि एकाच वेळी मागे सरायचे. कोणी आधी नाही, कोणी नंतर नाही. मी काठावर घड्याळ घेऊन उभी असेन.

वाट मोकळी झाली की बोलणे पुन्हा बंद पडेल, ही भीती कोणत्याच नियमात बसत नाही. पण ती माझ्या लक्षात आली आहे. बोलायला खाडी अडवावी लागत नाही. रविवारी माझ्याकडे जेवायला या. आईही येणार आहे. भोंगा टेबलावर काढून ठेवते. न्यायचा नसेल तर नेऊ नका. आणखी अकरा वर्षे वाद घाला, पण समोरासमोर बसून.

एकच अडचण आहे. माझे पुढचे दार मोजले. पंचाहत्तर सेंटिमीटर भरले. दोघे एकदम मावत नाहीत. मागचे दारही तेवढेच आहे. दोन्ही उघडी ठेवते.

माया आहे तिथेच राहू द्या, बोटी तेवढ्या हलवा.

तुमची,
मोजपट्टी

ता. क. उद्या मागे सरणार की नाही, आणि रविवारी कोण कोणत्या दाराने येणार, हे दोघांनी शुक्रवारी सकाळी नऊपर्यंत नावाड्याजवळ लेखी कळवावे.