नाना म्हणाले, लागनं

७ डिसें., रवि. नरडाणा
…आणि परवा फोनवर तर नाना म्हणत होते, "बठ्ठं चांगलं शे." सगळं चांगलं म्हणे, आणि येऊन बघते तर डाव्या तळपायाला पट्टी. शेतात भरीत पार्टी झाली. वांगी भाजायला दरवर्षी नानाच, आगीपाशी अनवाणी. कपाशीच्या काडीचा निखारा पायाखाली. पत्ताच नाही. जळका वास आला तर वाटलं, वांग्याची साल. शेजारच्या भाऊंनी ओढून बाजूला केलं.
"माले दुखंच नई ना. मंग कसाले सांगू?"
दुखत नाही हाच प्रॉब्लेम आहे, नाना.

८, सोम.
सुट्टी टाकली. धुळ्याला डॉक्टर. शुगरने पायाच्या नसा गेल्यात. जखम चिघळली तर बोट… कापावं लागेल. १६ला परत दाखवायचं, तोवर ड्रेसिंग चालू आणि तळपाय रोज बघायचा म्हणे. कोण बघणार? आई गेल्यापासून घरात एकटेच.
"जळगावला चला माझ्याकडे."
"तठे मनं कोन शे?"
मी आहे ना, असं कुठल्या तोंडाने म्हणू? दिवसभर ऑफिसलाच तर असते.

११, गुरु. जळगाव
व्हिडिओ कॉल. तळपाय दाखवा म्हटलं. आधी पंखा दाखवला, मग स्वतःचं कपाळ.
"आते दिसस का?"
खूप हसलो दोघं. फोन ठेवला आणि रूम एकदम गप्प. मॅगी केली, अर्धी टाकली.

१४, रवि. नरडाणा
पायाला स्पर्श कळतो का, ती डॉक्टरांसारखी टेस्ट घरी करून बघू म्हटलं. व्हिडिओ पाहून शिकले, फुल उत्साहात. डोळे मिटा, नायलॉनची तार तळपायाला लागली की सांगा.
"लागनं."
"लागनं."
जरा जास्तच पटापट. मग तार हवेतच धरली. टेकवलीच नाही.
"लागनं," नाना म्हणाले.
चेहरा असा, की आता शाबासकी मिळणार. मी "छान" म्हणून गेले. का म्हणाले मी?
संध्याकाळी ओट्यावर बसून भाऊंना सांगत होते, "पोरनी तपासं. पाय एकदम क्लिअर." किती दिवसांनी एवढे खूश. मी आत भांडी घासत राहिले.

१५, सोम. जळगाव
नानांचा फोन. "आते उद्या धुळाले कसाले जावानं? पास व्हयनू ना मी." रिक्षावाल्यालाही नको म्हणून सांगून टाकलंय. ड्रेसिंगही बंद करायचं म्हणतात.
मी नुसतं हं हं केलं.
नानांना खरं सांगायचं तर हे पण सांगावं लागेल की मी तार लावलीच नव्हती. म्हणजे त्यांना फसवून पकडलं. परत कधी पाय दाखवतील मला? न सांगता सकाळच्या पॅसेंजरने जाऊन, काहीतरी थाप मारून धुळ्याला नेऊ? का आत्ताच फोन लावू?
तुम्ही काय केलं असतं?