देव परत पाठवायचे राहिले

डब्लिन, ओहायो
१४ ऑक्टोबर २००६, सकाळी सात वाजून दहा मिनिटे

तीर्थरूप अप्पांस साष्टांग नमस्कार.

तुणतुण्याची तार बदलून झाली, म्हणून लिहायला बसलो. तुम्हाला व्हिसा नाकारला आणि गोंधळ तुम्ही माझ्या हाती दिलात. काल इथल्या थिएटरात पहिला कार्यक्रम झाला. फोनवर मी "चांगला झाला" एवढंच सांगितलं.

आम्हाला बारा मिनिटं होती. आत जाळ चालत नाही, म्हणून दिवटी बॅटरीची दिली. मी तुळजापूरची, माहूरची, कोल्हापूरची आई गोंधळाला बोलावली. आरती करून निरोप देण्याआधीच दिवे गेले. लोक उभे राहून टाळ्या वाजवत होते. मला शिकवून ठेवल्याप्रमाणे मी वाकलो.

आत मनोहरकाका संबळ उतरवत म्हणाले, "देव बोलावलेस. आता त्यांना वाटेला कोण लावणार, तुझा सासरा?"

आमचं बोलणं इंग्रजीत सांगणारा अंकुर हसला. "काका, टेन्शन नका घेऊ. ऑडियन्सला देव बोलावतानाच आवडतं. शेवटची आरती थिएटरच्या मॅडमनी कॅन्सल केली, स्लो वाटते म्हणे."

मी म्हणालो, "काका, हा नुसता खेळ होता. देवीचा चौक मांडला नव्हता. देव आलेच नसतील."

काका जेवले नाहीत. मी जेवलो.

अप्पा, देव आले होते. दुसऱ्या हाकेलाच मला कळलं होतं.

आज संध्याकाळी पुन्हा कार्यक्रम आहे. जे अजून इथेच थांबलेत, त्यांना मी पुन्हा 'गोंधळाला या' म्हणणार आहे.

तुमच्या जागी उभा राहिलेला,
त्र्यंबक