तिसऱ्या नंबरचे नट

३ फेब्रुवारी २०२५, सोमवार

आलं एकदाचं इंजिन! टेम्पोवाला गेटपाशीच उतरवतो म्हणून हटून बसला. म्हटलं, बाबा, सव्वाशे किलोचं धूड मी काय कडेवर घेऊन आत नेऊ? मग मुकाट शेडपर्यंत आला. चेनकप्पीने उचलून स्टँडवर घेतलं.

ट्रायम्फ, दोन सीटर स्पोर्ट्स कार, १९६८ ची. मालक कोल्हापूरचे रविराज. फोनवर गोड बोलतात, पण एकच धोशा — सगळं उघडा, अगदी खालपर्यंत उघडा. आवाज येतो का? नाही. धूर? नाही. तेल खातं? तेही नाही. मग पोस्टमॉर्टेम कशाला करायचं, म्हटलं. नुसते हसले.

आई स्वयंपाकघराच्या खिडकीतून विचारते, हे कुणाचं गं नवीन बाळ? शेडमध्ये आलेलं प्रत्येक इंजिन तिच्या लेखी बाळच. आणि मी सुईण.

४ फेब्रुवारी

बॅटरी-स्टार्टर जोडून कॉम्प्रेशन मोजलं. चारही सिलिंडर सारखे. या इंजिनाला काही म्हणजे काहीही झालेलं नाही!

६ फेब्रुवारी, गुरुवार

अक्षर वाकडं येतंय. येऊ दे.

सकाळी हेड काढलं. इंजिन उलटं केलं, खालचं तेलाचं चेंबर खोललं. आत इतकं स्वच्छ काम की मला हेवा वाटला. म्हटलं, हा मिस्त्री आपल्या जातकुळीतला दिसतोय. रॉडच्या, म्हणजे पिस्टनच्या दांड्यांच्या, कॅपा फडक्याने पुसायला घेतल्या, कारण कुठली कॅप कुठल्या रॉडची हे कळायला प्रत्येक मिस्त्री पंचने खुणा करतो, त्या आधी बघायच्या असतात.

गिअरबॉक्सकडच्या कॅपवर एक ठिपका. पुढच्यावर दोन. त्यापुढे तीन. आणि अगदी पुढच्या, रेडिएटरकडच्या कॅपवर — फुली.

खाली बसले, तिथेच, तेलात.

ही नानांची खूण आहे. माझ्या वडिलांची. नाना धंदा शिकले निफाडला, उसाच्या मळ्यातल्या पंपाच्या इंजिनांवर, तिथे त्यांना मागून, फ्लायव्हीलकडून मोजायची सवय लागली. सगळं जग पुढून एक-दोन-तीन-चार मोजतं, आमचं घर उलटं. नाशिकला द्वारका चौकातल्या आमच्या गॅरेजात लोक हसायचे. खंडेराव, तुमचं इंजिन शीर्षासन करतं का, म्हणायचे. नानांनी बदललं नाही ते नाहीच. चार ठिपक्यांचं गिचमिड होतं म्हणून चारला फुली, हेही त्यांचंच खूळ.

जगात अशी खूण करणारी माणसं तीन. नाना. मी. आणि ललित, माझा धाकटा भाऊ.

मी हे इंजिन आयुष्यात पहिल्यांदा बघतेय. आणि ललितचं दहावं आम्ही २००७ साली रामकुंडावर केलं.

नानांनीच केलं असणार हे. कधीतरी. कुणाचं तरी. नाहीतर कुणी?

७ फेब्रुवारी

नानांनी केलेलं नाही.

एका ठिपक्याची कॅप काढली. आतलं बेअरिंग उलटं करून पाहिलं. पाठीवर कंपनीचा शिक्का असतो, साइज आणि महिना-वर्ष. भिंग लावून तीनदा वाचलं. शून्य सहा, एकवीस. जून २०२१. नानांना जाऊन तेव्हा सहा वर्षं झाली होती!

तीनदा वाचलं, चौथ्यांदा उन्हात नेऊन वाचलं. दोन ठिपक्यांची काढली. तेच. मग पुढे हात चालेना. शेडला कुलूप लावून आत येऊन बसले. आई म्हणाली, एवढ्यात झालं काम? हो म्हटलं.

इगतपुरीला रुळांजवळ सापडला होता ललित. जुलै महिना, तीन दिवस धो-धो पाऊस. चेहरा उरलाच नव्हता. नानांनी ओळखलं ते अंगातल्या कामाच्या डांगरीवरून. गॅरेजच्या डांगऱ्या सगळ्या सारख्या निळ्या, अदलाबदल व्हायची, म्हणून आईने ललितच्या कॉलरवर लाल दोऱ्याने टीप घातली होती. ती टीप नानांनी बघितली आणि कागदावर सही केली. मी गेले नव्हते. मला जायचं तोंडच नव्हतं.

मग ती डांगरी कुणाच्या अंगात होती?

८ फेब्रुवारी

तोंड का नव्हतं ते आज लिहिते. इथेच फक्त. अठरा वर्षांत कुणाला सांगितलेलं नाही.

जून २००७. मुंबईच्या एका माणसाची लाल स्पोर्ट्स कार, तिचं इंजिन आम्ही बांधत होतो. खाली गॅरेज, वर घर. पिस्टन बसवायचं काम ललितचं, रॉडचे नट आवळायचं माझं, कारण टॉर्क पाना, ठरलेल्या मापावर आला की कट् वाजणारा, नाना माझ्याच हातात द्यायचे. मापाने आवळायचं, मग नटावर पिवळ्या रंगाची रेघ ओढायची. मापाने आवळल्याशिवाय रंग नाही — नानांचा कायदा.

पहिल्याचे नट झाले, दुसऱ्याचे झाले, चौथ्याचेही झाले. तिसऱ्याचे दोन नट मी बोटांनी फिरवून लावले होते, आणि वरून आईने हाक मारली. मला बघायला पाहुणे येणार होते, ते तासभर आधीच येऊन टपकले. मी पाना हातात तसाच घेऊन वर पळाले. आईने तो हिसकावून ओट्यावर ठेवला, पोह्यांच्या पातेल्याशेजारी, आणि मला साडी नेसायला ढकललं. पाहुण्यांनी पोहे खाल्ले. मुलाच्या आत्याने विचारलं, मुलीच्या नखात काळं काय आहे. पुढचं लिहायला नको.

दोन तासांनी खाली आले तर चेंबर बसवून झालं होतं. ललित म्हणाला, झालं ताई, गाडीत टाकू. आणि मी, सविता खंडेराव, डोक्यात ती आत्या, गाडीत टाकलं!

चौथ्या दिवशी कसारा घाटात इंजिन फुटलं. रॉड ब्लॉक फोडून बाहेर आला. गाडी कठड्याला धडकली, मालकाचं खांद्याचं हाड मोडलं. फोन आला तेव्हा मला ते दोन नट आठवले. तिसऱ्याचे. स्वतःला म्हटलं, ललितने चेंबर लावताना बघितलं असेल, आवळले असतील. पण आवळले असते तर फुटलं कसं असतं?

ललित आधीपासूनच धांदरट म्हणून बदनाम. नानांनी काही विचारलंच नाही. सगळ्या गॅरेजसमोर त्याच्या थोबाडीत मारली. एक नाही, तीन. मी तिथे उभी होते, पाच पावलांवर. तो माझ्याकडे बघत होता. मी मान खाली घातली.

संध्याकाळी तो गेला.

९ फेब्रुवारी, रविवार

आईने ललितच्या फोटोचा हार बदलला. दर रविवारी बदलते. मी नुसती बघत राहिले. काय सांगू हिला? बेअरिंगच्या पाठीवरचे चार आकडे? अठ्ठ्याहत्तर वर्षांची बाई. खोटी आशा लावून मारायचं का तिला?

तिने विचारलंच. तुझं काय बिनसलंय गं, इंजिन उघडं टाकून हिंडतेस ती? तेल संपलंय म्हटलं. शेडमध्ये तेलाचे तीन डबे भरलेले आहेत आणि तिला ते माहीत आहे.

१० फेब्रुवारी

आज मन घट्ट करून तिसऱ्याकडे वळले. इतके दिवस त्या कॅपकडे बघणंच टाळत होते.

बाकी तिन्हींच्या नटांवर पिवळी रेघ आहे, आमच्यासारखीच. तिसऱ्याच्या दोन्ही नटांवर नाही! पुसली गेली असेल म्हणून घासून पाहिलं, भिंग लावलं. रंग कधी लागलेलाच नाही. म्हटलं, सैल असतील. पाना लावला. कट्! बरोबर मापावर आवळलेले.

मापाने आवळलेले, आणि तरी रंग नाही. आणि बरोबर तिसऱ्यालाच, आमच्या मोजणीतल्या तिसऱ्याला.

त्याला माहीत आहे. सगळं माहीत आहे त्याला! फुटलेलं इंजिन त्यानेच उचलून आणलं होतं ना गॅरेजात, त्यानेच आतून पाहिलं होतं. बिनरंगाचे नट कुणाचे हे त्याला तेव्हाच कळलं असणार. म्हणून बघत होता माझ्याकडे. आणि तरी बोलला नाही. आणि आता हे इंजिन माझ्या दारात आणून ठेवलंय, काही न बिघडलेलं, खालपर्यंत उघडा म्हणून. बघ, म्हणतोय. बघ स्वतःच्या डोळ्यांनी.

दुपारी जेवले नाही.

११ फेब्रुवारी, मंगळवार

रविराजांना फोन केला. विचारलं, हे इंजिन आधी कुणी बांधलं? म्हणाले, "ताई, तुम्ही हे विचाराल म्हणून आठ दिवस फोन हातात धरून बसलोय मी."

गडहिंग्लजच्या पुढे एक मिस्त्री आहेत. घराच्या पडवीत काम करतात. रविराजांनी त्यांना सहज सांगितलं, नाशिकला एक बाई आहेत, जुन्या स्पोर्ट्स कारची इंजिनं बांधतात, सगळे नाव काढतात त्यांचं. मिस्त्रींनी नाव विचारलं. दोन दिवस कामाला हात लावला नाही. तिसऱ्या दिवशी म्हणाले, साहेब, एक उपकार करा, तुमचं इंजिन त्यांच्याकडे पाठवा. त्यांनी विचारलं तरच माझं नाव सांगा. नाही विचारलं तर राहू द्या.

नंबर दिला. मी ओट्याला टेकून उभी राहून लावला.

हॅलो म्हणाला. आवाज जाड झालाय. मी काही बोललेच नाही, तरी म्हणाला, "ताई?"

आहे. जिवंत आहे! बोलतोय! मी रडले असेन, आठवत नाही. मला भीती वाटली, आत्ता नाही बोलले तर पुन्हा मान खाली घालेन. म्हणून आधी तेच बोलले. कसा आहेस नाही, कुठे होतास नाही. "ललित, तिसऱ्याचे नट मी आवळलेच नव्हते रे. बोटांनी लावून वर गेले. मार तू खाल्लास."

म्हणाला, काय म्हणालीस? मी पुन्हा सांगितलं. म्हणाला, म्हणजे तू इतकी वर्षं — आणि थांबला. मग एकदम, रविवारी येतो म्हणाला.

डांगरीचं विचारलं. इगतपुरी स्टेशनवर एक माणूस भिजून कुडकुडत होता, त्याला दिली म्हणे. वर्षभराने गॅरेजसमोरच्या चहावाल्याला फोन केला तर तो म्हणाला, ललितचं तर दहावं झालं. मग म्हटलं राहू दे, मेलेला बरा. इतक्या सहज सांगितलं त्याने हे.

कोण होता तो माणूस, ज्याचं दहावं आम्ही केलं? त्याच्या घरी अजून वाट बघत असतील.

१२ फेब्रुवारी

आईला सांगितलं. आधी पाणी दिलं, बसवलं, मग सांगितलं. ती रडली नाही. म्हणाली, हातपाय धड आहेत ना त्याचे? पुन्हा पुन्हा तेच विचारत होती. लग्न केलंय का विचारलं. मला माहीतच नाही!

मग नटांचं सांगितलं. वाटलं होतं, तोंड फिरवेल. ती खूप वेळ माझ्या हाताकडे, नखांकडे बघत राहिली. "हाक तर मीच मारली होती तुला," म्हणाली. अठरा वर्षं तिच्याही मनात ती हाक होती की आजच आली, मी विचारलं नाही.

मग उठली, स्टूल ओढलं, मला चढू दिलं नाही. स्वतः चढून फोटोचा हार काढला.

१६ फेब्रुवारी, रविवार

ललित आला. केस पांढरे झालेत. आईने त्याला सोडेपर्यंत दुपार झाली. मग शेडमध्ये आला, तिसऱ्या कॅपवर बोट ठेवलं आणि म्हणाला, "ताई, सैल काहीच राहिलं नव्हतं. तू वर गेलीस तेव्हा ते नट मी आवळले. पाना सापडेना, म्हणून साध्या पान्याला पाइप लावून, अंदाजाने. जास्त ताणले. बोल्ट ताणून तुटला. मापाने नव्हतं म्हणून रंग नाही लावला. त्या दिवसापासून तिसऱ्याला मी रंग लावतच नाही. हेच तुला सांगायचं होतं, म्हणून इंजिन पाठवलं. नानांनी मला बरोबरच मारलं."

पाना सापडेना. तो वर होता, ओट्यावर, पोह्यांच्या पातेल्याशेजारी. मीच नेला होता.