आईचा इकामा

जेद्दा,
१६ जुलै २०१८

कुबराआपास कादिरचा सलाम.

हे पत्र आईच्याच हाती देतोय. फोनवर बोलायची सोय नाही, ती सतत शेजारी असते. मराठी तिला वाचता येत नाही, तरी पाकीट चिकटवलंय. आम्ही सगळे खुशाल आहोत. तुझे गुडघे कसे आहेत? बॅगेत खजूर आहेत, तुझ्यासाठी दोन अबाया आहेत, आणि तिची साखरेची तीन महिन्यांची औषधं. इन्सुलिन आल्या आल्या फ्रिजमध्ये ठेव.

दोन महिन्यांसाठी जातेयस, असं मी तिला सांगितलंय. तूही तसंच बोल.

खरं असं आहे की गेल्या वर्षापासून इथे आमच्यासारख्यांच्या घरच्या माणसांवर सरकारने फी बसवलीय. माणशी महिना शंभर रियाल होती, या महिन्यापासून दोनशे. इकामा, म्हणजे इथे राहायचा परवाना, नवा करताना वर्षभराची एकदम भरायची. आई, सुरैया, उमैर, इफरा, चौघांचे नऊ हजार सहाशे होतात. माझा पगार चार हजार आठशे. दुकानाचा मालक मुलांच्या शाळेची अर्धी फी द्यायचा, ती त्याने एप्रिलपासून बंद केली. आईचा इन्शुरन्सही काढून घेतला. तिच्या वयाला आणि साखरेला तो आपण काढायचा तर आणखी साडेचार हजार. गेल्या वर्षी सुरैयाच्या बांगड्या विकून भागवलं. आता विकण्यासारखं काही नाही आणि माझा इकामा वीस तारखेला संपतोय.

कोणाला पाठवायचं यावर पुष्कळ विचार केला. पोरांची शाळा मध्येच तोडता येत नाही. सुरैया गेली तर पोरांकडे कोण बघणार? राहिली आई. वाईट वाटून घेऊ नकोस, पण पोरं आता मोठी झाली. तिचा इथे तसा काही उपयोग उरलेला नाही, आणि पैसे मात्र सगळ्यांहून जास्त तिच्यासाठीच लागतात.

मार्चमध्ये तिच्याजवळ विषय काढला होता. म्हणाली, "तुझे अब्बा इथल्या मातीत आहेत. बावीस वर्षं झाली मला इथे. पाठवायचं नाव काढू नकोस." त्यामुळे पुन्हा विचारलं नाही. मोबाईलवरूनच तिचं खुरूज निहाई काढलं, म्हणजे कायमचं जाणं. दोन मिनिटांचं काम आहे, तिची सही लागत नाही. आता तिला परत येता येणार नाही.

दोन महिन्यांनी विचारील तेव्हा सांग, व्हिसा अडकलाय. मीही तेच सांगीन. हळूहळू सवय होईल. म्हातारी माणसं विसरतात.

महिन्याला पाच हजार रुपये पाठवत जाईन. तब्येतीला जप.

तुझा
कादिर


जेद्दा,
१० फेब्रुवारी २०१९

कुबराआपास सलाम.

तू फोन उचलत नाहीस, म्हणून आपल्या मोहल्ल्यातला अली सुट्टीवर येतोय त्याच्याकडे हे देतोय. इथे हल्ली थंडी आहे. मी बरा आहे.

सप्टेंबरमध्ये भांड्यांच्या दुकानांत सौदी माणसंच ठेवायची असा नियम आला. आमच्या दुकानात एक चांगला मुलगा आला, तीन आठवडे मी त्याला काम शिकवलं आणि मग मालकाने मला गोडाऊनमध्ये टाकलं. पगार अडीच हजार. नोव्हेंबरात सुरैया आणि पोरांनाही पाठवावं लागलं. त्या तिघांची वर्षाची फी मी जुलैतच भरली होती, ती काही परत मिळाली नाही. म्हणजे आईला पाठवून मी जे वाचवलं, ते चार महिनेही पुरलं नाही. सुरैया मुंब्र्याला तिच्या भावाकडे आहे. सासूला तोंड कसं दाखवू म्हणून श्रीवर्धनला तुमच्याकडे आली नाही. मी इथल्या शराफिया मोहल्ल्यात एका खोलीत सातजणांबरोबर राहतो.

मी तुला आईबद्दल लिहायला बसलो आणि हे सगळं लिहीत सुटलो.

तुझा निरोप मिळाला त्याला आता तीन आठवडे झाले. "आई गेली. काल दफन केलं. तुझं पत्र मी तिला पहिल्याच दिवशी वाचून दाखवलं होतं." एवढंच लिहिलं होतंस. आदल्या दिवशी का कळवलं नाहीस, असं मी विचारणार नाही.

पण वाचून का दाखवलंस, हे मी पुष्कळ दिवस मनात विचारत होतो. तुझ्यावर रागही धरला. मग सुरैयाने तुला फोन केला तेव्हा तू तिला सांगितलंस की वाचता वाचता तू थांबलीस, आणि आई म्हणाली, "थांबू नकोस. काय काय लिहिलंय ते सगळं वाच." तू सगळं वाचलंस. तो 'उपयोग'सुद्धा.

म्हणजे जुलैपासून तिला माहीत होतं. आणि मी दर शुक्रवारी नमाजनंतर फोन करून सांगत होतो, आई, व्हिसा अडकलाय, आई, ऑफिस बंद आहे. ती म्हणायची, "बरं. बघ तू." एकदा मला दुसरं काही सुचेना, तर म्हणालो की नवीन फोटो मागतायत, मागे पांढरा पडदा हवा. ती सुजलेल्या पायाने रिक्षात बसून बाजारात गेली आणि फोटो काढून पाठवला. ओढणी नीट बसवलीय, सरळ कॅमेऱ्यात बघतेय. कशासाठी गेली ती, आपा? तू तर घरातच होतीस. तिला अडवलं का नाहीस? का तिनेच तुला गप्प बसवलं?

दुकानमालकाने कालच सांगितलं, जुलैत माझाही इकामा तो वाढवणार नाही, कामही या महिन्याअखेर बंद. मार्चच्या पहिल्या आठवड्यात येईन. श्रीवर्धनचं घर आईने तुझ्या नावावर केलं ते योग्यच केलं, मी मुंब्र्याला उतरीन.

आणखी एक गोष्ट आहे, ती सुरैयालाही माहीत नाही. आई विमानतळावर आत गेल्यावर मी पार्किंगमध्ये गाडीत बसून होतो. तिचा फोन आला. मी उचलला नाही. असं तीनदा झालं. चौथ्यांदा उचलला.

ती पासपोर्टच्या काउंटरवरून बोलत होती. "कादिर, हा माणूस निहाई म्हणतोय. काही चूक झाली असेल तर तू ये. मी इथेच बसते."

दहा मिनिटांत तिच्यापाशी पोचलो असतो. मी म्हणालो, "कॉम्प्युटरची चूक असेल, आई. तू नीट ऐकलं नसशील. जा तू, विमान चुकेल, तिकिटाचे पैसे जातील. मी मागाहून बघतो."

मागे कोणीतरी यल्ला यल्ला म्हणत तिला घाई करत होतं.

मग म्हणाली, "मला अरबी येतं, बाळा." आणि फोन ठेवून आत गेली.

हे तिने तुला सांगितलं नसणार, म्हणून लिहिलं. अलीला उत्तर न देता परत पाठवलंस तरी चालेल.

तिचा मुलगा,
कादिर