बाविसावा एल्बो

मंगळवार, ३ मार्च

फुटला! सकाळी दहा वाजून दहा मिनिटांनी. ॲसिडच्या लाइनवरचा एल्बो, म्हणजे पाइप वळतो तिथला तुकडा, टर्रकन फाटला. खाली पैलवान. आमच्या खात्यातला सगळ्यात दणकट ऑपरेटर. चेहरा, छाती, उजवा हात. नुसता 'पाणी, पाणी' करत होता. आम्ही पाण्याचाच मारा करत होतो त्याच्यावर, तरी.

त्या लाइनची जाडी मोजायचं काम माझं. गेल्याच महिन्यात सही केलीय – 'अजून अकरा वर्षं चालेल'.

बुधवार, ४ मार्च

फाटलेला तुकडा मोजला. शेजारचा सरळ पाइप ७.१ मिलिमीटर, जवळजवळ नवाच. एल्बो १.३! एकच लाइन, एकच ॲसिड, मध्ये फक्त एक वेल्डिंग.

दरवर्षी मी पिवळ्या ठिपक्यांवर मोजतो. ठिपके सगळे सरळ पाइपवर. एल्बोपर्यंत पोचायला मचाण बांधावं लागतं, म्हणून माझ्या आधीच्याने तिथे ठिपका दिलाच नाही. मीही बारा वर्षं निमूटपणे तेच गिरवलं. वर सरासरी काढायची! शेजारचा ठणठणीत, म्हणून हाही ठणठणीत. कुणाच्या मुस्काटात मारू? पहिला नंबर माझाच लागतो.

गुरुवार, ५ मार्च

धातू तपासायची गन लावली. तांबं, निकेल, क्रोमियम – तिन्ही मिळून ०.६२ टक्के. आमच्या ॲसिडाच्या पाइपात हे ०.१५च्या वर नको. भंगार वितळवून केलेलं पोलाद, त्यात हे उरतंच. साहेब हसला. "अरे, तांबं असलं की पोलाद जास्त टिकतं!" पावसात टिकतं हो. आमच्या ॲसिडात पोलादावर जी खपली धरते तीच त्याला वाचवते, आणि या असल्या पोलादावर ती नीट धरत नाही. हे मी तीनदा सांगितलं. चौथ्यांदा त्याच्या टेबलाच्या काचेवर मूठ आपटली. काच गेली, हातही कापला.

बायको पट्टी बांधताना म्हणाली, "काचेनं काय घोडं मारलं होतं तुझं?"

शुक्रवार, ६ मार्च

स्टोअरच्या रजिस्टरमध्ये सापडलं. सहा वर्षांपूर्वी असे बावीस एल्बो आले. सोबतच्या कागदावर तांब्या-निकेलचे आकडे छापलेले! कुणी वाचलेच नाहीत. बावीसही मामाने बसवले. मामा म्हणजे आमचा म्हातारा फिटर, गेल्या वर्षी रिटायर झाला, सगळ्या प्लांटचा मामा. कुठे बसवले ते कुठेच लिहिलेलं नाही.

एक फुटला. एकवीस बाकी. साहेब प्लांट बंद करायला तयार नाही – "चालू लाइनवर शोधा." आणि पैलवानच्या जागी ड्यूटीवर कोण? माझा धाकटा भाऊ! इथे चिकटवला मीच. म्हणतो, "दादा, तू शोध, मी जपून राहतो." जपून म्हणजे काय कपाळ! तो एल्बो काय आधी सांगून फुटणार आहे?

रविवार, ८ मार्च

वीस सापडले. मिळेल तसा एकेक भाग बंद करून घेतला, साहेबाच्या शिव्या खात. एक कुठेच नाही. डोळ्यांची जळजळ होतेय.

सोमवार, ९ मार्च

पैलवान गेला.

दुपारी गेटवर मामा दिसला. बातमी ऐकून आला होता. माझं डोकं सटकलं. "तूच बसवलेस ना ते!" तो म्हणाला, "थांब रे, ऐक, तो एक–" मी ऐकलं नाही. ठेवून दिली. जबडा मोडल्याचा आवाज ऐकू आला. मागे लोखंडी पायरी होती, डोकं तिच्यावर.

खरं लिहितो, मारताना बरं वाटलं. अर्धा सेकंद.

रखवालदाराने वहीत लिहिलं, 'पाय घसरून पडला'. मी बघत उभा राहिलो. धाकट्याने दंड धरून बाजूला नेलं. "दादा, तोंडातून शब्द काढू नकोस."

नाही काढला.

मंगळवार, १० मार्च

मामा बेशुद्ध. ते एल्बो कुठेकुठे बसवले हे माहीत असलेला एकच माणूस, आणि त्याचंच तोंड मी फोडून ठेवलं. गाढव! गाढव!

धाकटा ड्यूटीवर. मी त्याला घरी थांब म्हणून हातापाया पडलो, मग कॉलर धरली. त्याने हात झटकला – "आता मलाही मारणार?"

गुरुवार, १२ मार्च

सकाळी मामाची मुलगी गेटवर आली. मामा शुद्धीवर आलाय, बोलता येत नाही, पेन्सिल मागितली म्हणे. चिठ्ठी माझ्या नावाने. वेडीवाकडी अक्षरं – 'तीन नंबर पंपामागे. कोपऱ्यात, पत्र्याच्या आवरणाखाली. नकाशात नाही. हेच सांगायला आलो होतो.'

पळालो. तीन नंबरपाशी धाकटाच, पाठ पंपाला टेकवून आकडे लिहीत होता. त्याला मानगूट धरून बाहेर ढकलला, अक्षरशः फेकला. आवरणाचा पत्रा उचकटला, मोजलं. ०.९.

कुणाला विचारलं नाही. लाल बटण दाबलं. सगळा प्लांट बंद. साहेब ओरडत आला तेव्हा मी अजून दाबूनच धरलेलं. धाकटा म्हणाला, "दादा, बोट काढ आता, बटण आत जाईल." आणि मग आम्ही दोघंही जमिनीवर बसलो. मी त्याचं डोकं छातीशी धरून ढसाढसा रडलो.

उद्या मामाकडे जायचं. काय तोंड घेऊन जाऊ? पण जायचं.

शुक्रवार, १३ मार्च

मामा सकाळी सहाला गेला. मेंदूत रक्त साचलं होतं.

खाली पोलीस आलेत. रखवालदाराची वही आहे त्यांच्याकडे, नुसतं 'हो' म्हणायचंय. धाकटा दारात आडवा उभा आहे. "माझी शपथ आहे, दादा. घसरला म्हण."

मी मारलं. तेच सांगायला खाली जातोय.