अकरा हजार नकाशे आणि एक बटण

दि. ९ सप्टेंबर, मंगळवार

ती. ताईस,

धाकट्याचा नमस्कार. आम्ही सगळे बरे आहोत, तूही बरी असशील असं धरून चालतो. गेली सहा वर्षं नुसता धरूनच चालतोय, हे तू म्हणायच्या आधी मीच म्हणून टाकतो.

बातम्या अशा. आईने नवा चष्मा केला. त्यातून तिला घरातली धूळ दिसायला लागल्यापासून आमचं कुणाचंच काही खरं नाही. तुझी भावजय गाडी शिकतेय. पहिल्याच आठवड्यात शिकवणाऱ्या मास्तरांनी रजा टाकली. मी आहे तिथेच. पाणीपुरवठा, नकाशा विभाग, खिडकीजवळचं टेबल. खिडकी उघडत नाही.

ऑफिसात एक प्रकार झाला, तो सांगायला बसलोय. त्यातला थोडा तुला ठाऊक आहे, पण मधे बोलू नकोस.

आमच्याकडे जमिनीखालच्या पाइपांचे अकरा हजार नकाशे आहेत. कुठल्या रस्त्याखाली कुठला व्हॉल्व्ह पुरलाय, ते त्यात असतं. गेल्या वर्षी सगळे स्कॅन करून कॉम्प्युटरवर घेतले. स्कॅनरने बारसं आपल्या अकलेनं केलं: स्कॅन एक, स्कॅन दोन, स्कॅन तीन. साहेब म्हणाले, "प्रत्येकाला नीट नाव द्या. विभाग, रस्ता, व्हॉल्व्ह नंबर." हाताने बदलत बसलो असतो तर एक वर्ष गेलं असतं, आणि ते माझंच गेलं असतं.

मग नेटवर एक छोटासा प्रोग्रॅम सापडला. फुकट. मराठीत होता म्हणून उतरवून घेतला, कुणी केलाय ते बघितलंही नाही. त्यात पाच ओळींची सूचना लिहायची: या यादीतलं नाव उचल, त्या फाइलला लाव. यादी जुन्या रजिस्टरावरून टाइप केलेली होतीच. चहा आला तेव्हा बटण दाबलं, कप खाली ठेवेपर्यंत अकरा हजार नावं बदलली होती. मी कपाकडे बघितलं, स्क्रीनकडे बघितलं, आणि उरलेल्या वर्षाचं काय करायचं या विचारात पडलो.

साहेबांनी सगळा विभाग माझ्या टेबलाभोवती गोळा केला. "हा प्रोग्रॅम कुणी केला?"

थांब, पाणी पिऊन येतो.

आलो. मी म्हणालो, "मीच, साहेब. रिकाम्या वेळात."

ताई, बटण मी दाबलं, एवढंच मला म्हणायचं होतं. पण तोंडातून निघायचं ते निघून गेलं आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या. वाजलेल्या टाळ्या परत कशा करायच्या, ते मला माहीत नाही. पुढचे तीन आठवडे मी ऑफिसात असा काही चालत होतो की जणू पाण्याचा शोधही मीच लावलाय. बाजूच्या टेबलावरच्या बाई माझा सल्ला घ्यायला यायच्या. प्रिंटर बिघडला तरी मलाच बोलवायचे. मी जाऊन त्याच्याकडे गंभीरपणे बघायचो.

गेल्या गुरुवारी साहेब म्हणाले, "तुमच्या प्रोग्रॅमला सांगा, नावाच्या आधी तारीख टाक म्हणावं." मी ऐटीत सूचना बदलली. प्रोग्रॅमने विचारलं, आधी नमुना बघायचा का? मी म्हटलं, नाही. त्याने विचारलं, नक्की? मी म्हटलं, हो रे बाबा. एक स्वल्पविराम चुकीच्या जागी पडला होता. सगळ्या नकाशांची नावं झाली दिनांक एक, दिनांक दोन, थेट दिनांक अकरा हजारापर्यंत. विभाग गेला, रस्ता गेला, व्हॉल्व्ह गेला.

आणि फोन वाजला. बाजारातली मोठी लाइन फुटली होती.

तिकडून आमचे फिटरकाका ओरडत होते, "लवकर नकाशा पाठवा! दुकानांत पाणी शिरलंय! कुठला व्हॉल्व्ह बंद करू?"

मी अंदाजाने एक नकाशा उघडून पाठवला. काकांनी त्यातला व्हॉल्व्ह बंद केला. बाजारातलं पाणी तसंच वाहत राहिलं, पण पाच मिनिटांत साहेबांच्या घरून फोन आला. साहेबांच्या बाईसाहेब डोक्याला साबण लावून उभ्या होत्या आणि नळ कोरडा पडला होता. काका पुन्हा ओरडले, "अहो, चपलांच्या दुकानातल्या चपला रस्त्यावर पोहायला लागल्या! तुमचा नकाशा आहे की चकवा?"

तेव्हा मी प्रोग्रॅमच्या मदतीच्या पत्त्यावर ईमेल पाठवली. खाली नाव टाकलं, 'एक गरजू'. लिहिलं की मी काहीच केलं नाही, सगळं आपोआप झालं.

चार मिनिटांत उत्तर आलं. ते तुला पाठ असेल, पण मलाही झालंय, म्हणून लिहितो.

"नमस्कार. आपोआप काही होत नसतं. आपण नमुना बघितला नसणार. घाबरू नका. प्रोग्रॅम जुन्या नावांची यादी जपून ठेवतो. 'मागे फिर' नावाचं बटण आहे, ते दाबा. मात्र दाबण्याआधी तिथे काय लिहिलंय ते एकदा वाच."

आधीचं सगळं आपण, घाबरू नका, दाबा. आणि शेवटी वाच. मला वाटलं, घाईत काना राहिला असेल.

बटण शोधलं. त्याच्या शेजारी बारीक अक्षरांत होतं: 'ही सोय माझ्या धाकट्या भावासाठी केली. तो आधी करतो आणि मग विचारतो. तुमच्या घरातही असा कुणी असेल.' आणि खाली, निर्मिती: खारूताई.

बाबांनी ठेवलेलं नाव. उशीखाली स्क्रू आणि जुने सेल साठवणारी दुसरी खारूताई या जगात असेल असं मला वाटत नाही.

मी बटण दाबलं. सगळी नावं जागेवर आली. काकांना खरा नकाशा पाठवला, दहा मिनिटांत पाणी थांबलं, बाईसाहेबांचा साबण निघाला. मग साहेबांनी विचारलं, "तुम्हीच बनवलाय ना, मग इतका वेळ का लागला?"

मी सगळ्यांसमोर सांगितलं. "मी नाही बनवला, साहेब. माझ्या बहिणीने बनवलाय. मी खोटं बोललो."

साहेब रागावतील असं वाटलं होतं. रागावलेही, पण नंतर. आधी म्हणाले, "अशी बहीण असताना माणूस सांगत का नाही?"

याचं उत्तर तिथे दिलं नाही. इथे देतो.

तू नोकरी सोडून हे प्रोग्रॅम करायला बसलीस, तेव्हा जेवणाच्या टेबलावर तुझ्या मैत्रिणींसमोर मी म्हणालो होतो, "फुकट वाटतेस, कारण विकत कुणी घेणार नाही." सगळे हसले. मीही हसलो. तू पाणी प्यायलीस, ताट उचललंस आणि गेलीस. आई अजून म्हणते की तू कामात असतेस म्हणून येत नाहीस. मी तिला तसंच म्हणू देतो. तुझ्या-माझ्यात जे झालं ते आपोआप झालं, असं इतकी वर्षं मीच स्वतःला सांगत आलो.

ताई, माझं चुकलं. थट्टेत बोललो नव्हतो. तुला जमेल आणि मला जमणार नाही, याची भीती वाटत होती, म्हणून बोललो.

शुक्रवारी घरी येऊन आईला सगळं सांगितलं. तिने ऐकून घेतलं, माझ्या पाठीत एक धपाटा घातला आणि पिशवी भरायला घेतली. येत्या रविवारी सकाळच्या गाडीने आम्ही दोघं तुझ्याकडे येतोय. तुला दार उघडावंसं वाटलं नाही तर मी समजून घेईन, जिन्यात बसून राहीन. पण आईचे गुडघे दुखतात, तिला जिन्यात बसवत नाही. निदान तिच्यासाठी उघड. मी तिची पिशवी आत ठेवीन, आणि तू म्हणशील तर थांबेन.

तुझ्या दाराशी उभा राहायला निघालेला,
तुझा भाऊ